शिडाची माशी

यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात मी बोलायला लागले की निम्मं वजा करून ऐकायची पद्धत आहे. नातवंडं तर एकमेकांना कोपरखळ्या मारतात. मारू देत. आज मी देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या सोंडेवर हात ठेवून, शेजारच्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी शपथ घेते, की हे घडलं, असंच घडलं, आणि मासा सांगते तेवढाच होता.

तर मी गुडघाभर पाण्यात उभी होते, साडी वर खोचून, आणि माझ्या गळाला चेतरामची टोपी लागली होती.

मी काठी मागे नेली ती मासे धरायला. पुढे झटकली तेव्हा दोरीच्या टोकाला टोपी. हिरव्या मखमलीच्या पट्टीची कुल्लूची टोपी, वर रानफूल खोचलेलं. ती माझ्या डोक्यावरून गेली आणि नदीच्या मधोमध पडली. चेतराम साठीचा माणूस, मत्स्य खात्याचा पहारेकरी. तो काठाकाठाने धावत सुटला. "भाभीजी, दोरी सोडू नका," म्हणत. तेवढ्यात एक मासा वर आला, त्याने टोपीवरचं फूल हुंगलं आणि नाक मुरडून परत गेला. हेही खरं आहे.

मागे खडकावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो. राखाडी लुगडं, मांडीवर दोन्ही हात, चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"मोठी गावली," माई म्हणाल्या. "कितक्या जणांक पुरात गो?"

मी साताऱ्याची. आमच्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी आजोबा आंघोळ करायचे. तिथली मी, हिमाचलात, तीर्थन नदीत, ट्राउट धरायला का उभी होते, तर माईंच्या अटीमुळे.

माझं लग्न झालं वेंगुर्ल्याच्या घरात. नवरा, उमाकांत, पुलांचा इंजिनियर. लग्नानंतर एक महिना वेंगुर्ल्याला राहिले तेव्हा रोज सकाळी एकच नाटक बघितलं. माझे सासरे, अण्णा, बाजारातून मासळी घेऊन यायचे आणि पिशवी माईंच्या पुढे ठेवायचे. माई मासा हातात घ्यायच्या, कल्ला उचलून बघायच्या, अंगठ्याने डोळा दाबायच्या आणि म्हणायच्या, "फसवल्यानी तुमका." अण्णा हसायचे आणि आंघोळीला जायचे. माई पाट्यावर बसायच्या. बेचाळीस वर्षं, सोमवार आणि एकादशी सोडून रोज हेच. मी उमाकांतला विचारलं होतं, "तुझ्या वडिलांना खरंच मासा कळत नाही का?" तो म्हणाला, "कळतो. पण तेवढं ऐकल्याशिवाय त्यांना आंघोळ गोड लागत नाही."

मग वैशाखात अण्णा गेले आणि माईंनी मासे सोडले. तेव्हा विधवा बायका सोडायच्याच. कुणी त्यांना सोडा म्हटलं नाही, पण सोडू नका असंही कुणी म्हटलं नाही. आणि माशांबरोबर बाकीचंही एकेक करून सुटत गेलं. आमटी गेली, भाकरी गेली. चमचाभर पेज तेवढी उरली. उमाकांत त्यांना आमच्या डोंगरातल्या सरकारी बंगल्यावर घेऊन आला तेव्हा चोळीत दोन माई मावल्या असत्या. कुल्लूच्या डॉक्टरने छाती तपासली, नाडी बघितली, म्हणाला, आजार काही नाही. खात नाहीत, एवढंच.

महिनाभर मी सगळं करून बघितलं. शिरा, घावन, सोलकढी, जे येत होतं ते आणि येत नव्हतं तेही. माई चव घ्यायच्या, "बरां झालां," म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. मग एका सकाळी त्यांनी ट्रंक भरली. शनिवारच्या गाडीने वेंगुर्ल्याला परत जायचं, एकटीने राहायचं. उमाकांत रात्रीतून म्हातारा झाल्यासारखा दिसला. मला म्हणाला, "तिथे पेजसुद्धा कोण करून घालणार? वेणू, हिला आत्ता सोडली तर पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही."

दुपारी माई व्हरांड्यात बसल्या होत्या. मी शेजारी बसले. "माई, इथे नदीत मासे आहेत. ट्राउट म्हणतात. सरकारी केंद्रात विकत मिळतात. आणू?"

"विकतचो नको," माई म्हणाल्या. "विकतचो आणणारो गेलो."

"मग चेतरामला सांगते धरून द्यायला."

"तेचो मी कित्याक खाऊ? तो माझो कोण?"

माईंनी माझ्या हातांकडे बघितलं. माझे हात तेव्हा छान होते, वेलदोडे सोलण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. माईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. महिन्यात पहिल्यांदा.

"तू धर," त्या म्हणाल्या. "गळान. तुझ्या हातान. मग खातंय."

"शब्द?"

"शब्द. साताऱ्याचा वरणभात मासो धरता, ह्यां बघूक तरी मिळात."

मला वाटेला लावायला घातलेली अट होती ती. गोष्टीतली राणी नाही का सांगत, वाघिणीचं दूध आण, मग बोलेन. पण मी त्याच दुपारी जाऊन तीन दिवसांचा परवाना काढला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

आता नदीच्या त्या भागात नियम असा, की जाळं नाही, गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही. फक्त काठी, दोरी आणि खोटी माशी. बंगल्याच्या माळ्यावर आधीच्या एका इंजिनियरची बांबूची काठी होती आणि पत्र्याची डबी. डबी उघडली आणि मी खुळावलेच. बारीक बारीक गळ, आणि एकेकाला रेशमाचा दोरा आणि कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळून केलेले किडे. नथींचा डबा उघडावा तसं. चेतरामने सांगितलं, या कोरड्या माश्या. या बुडत नाहीत, पाण्यावर तरंगत जातात. माशाला वाटतं खरा किडा चाललाय, तो वर येऊन गिळतो.

"यातली कुठली लावायची?" मी विचारलं.

"डबी नंतर बघा, भाभीजी. आधी पाणी बघा. पाण्यावर आज जे उडतंय, ते डबीत शोधायचं."

मी पाणी बघितलं. पाणी होतं. मग मी डबीतली सगळ्यात देखणी उचलली. लालभडक, वर सोनेरी जर गुंडाळलेली, शेपटीला मोरपंखी पीस. पैठणीच्या दुकानात पहिला हात जिथे जातो, तिथेच गेला. चेतरामने कान खाजवला.

त्या लाल माशीने पहिल्या दिवशी टोपी धरली हे सांगितलंच. त्यानंतर तिने माझा पदर धरला, एक झुडूप धरलं आणि एकदा चेतरामची मिशी. पैलतीरावर एक शेळी उभी होती, ती मी काठी उचलली की आपणहून खाली बसायला शिकली. शेवटी ती माशी एका वाळुंजीच्या फांदीवर उंच जाऊन बसली आणि तिथेच राहिली.

"चांगली दिसता थंय," माई म्हणाल्या. "फूल आल्यासारखा."

गुरुवारी मी शहाणी झाले होते. लाल नको. माशी म्हणजे माशीसारखी हवी. मी घरमाशीएवढी, काळी, केसाळ अशी निवडली. चांगली जाडजूड, चार घरची खाल्लेली. आता मला दोरी निदान पाण्यात टाकता येत होती. पण ती माशी दोनदा तरंगायची आणि तिसऱ्यांदा भिजून तळाला जायची. चेतराम तिला फुंकर मारून वाळवायचा. म्हणायचा, हिला लावायचं मलम असतं, माझी डबी संपली. मी टाकायची, ती बुडायची, तो फुंकायचा. दुपारपर्यंत त्याचे गाल दुखायला लागले.

मासे होते, बरं का. समोर दिसत होते. पाण्यावर टप्‌ करून वर्तुळ उठायचं. माझ्या काळ्या माशीच्या वीतभर बाजूला यायचे, काहीतरी टिपायचे आणि जायचे. मला वाटलं अपमान करतायत.

"काय खातायत हे?" मी चेतरामला विचारलं.

"तेच तर बघा म्हणतो," चेतराम म्हणाला. पण मला बघायला वेळ नव्हता. मी काळीच्या जागी निळी लावली, निळीच्या जागी पिवळी. संध्याकाळपर्यंत डबीत तीन उरल्या.

परत येताना माई माझ्यामागून चालत होत्या. चढावर मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी थांबले की त्याही थांबायच्या आणि लांब कुठेतरी बघायच्या, म्हणजे मला वाटावं की डोंगर बघतायत.

"उद्या येऊ नका माई. दमता."

"तिकीट काढलंय," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांचा नाटक आसा मां?"

शुक्रवारी आभाळ आलं होतं. वारा नव्हता. मी उभी राहिले आणि पहिल्या तासात एक माशी दगडावर आपटून तिचा गळ मोडला. उरल्या दोन. दोन्ही राखाडी, दोन्हींना मी तीन दिवस हात लावला नव्हता. धुतलेल्या फडक्याच्या रंगाच्या. एक मोठी, एक अगदी बारीक, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी.

मी खडकावर बसून मोठी बांधायला घेतली. बोटं गारठली होती. गाठ बसत नव्हती, आणि खरं सांगते, डोळ्यांतून पाणीही यायला लागलं होतं. सकाळची गाडी सातची होती. ट्रंक दाराशी ठेवलेली मी येतानाच बघितली होती.

"हयसर बघ गो," माई म्हणाल्या.

मी बघितलं. माईंच्या गुडघ्यावर, लुगड्यावर, एक किडा येऊन बसला होता. लुगड्याच्याच रंगाचा, म्हणून चटकन दिसत नव्हता. इवलंसं अंग, शेपटीला दोन केस आणि पाठीवर पंख. पण पंख माशीसारखे आडवे नव्हते. मिटून सरळ उभे, जरासे मागे कललेले.

"काय दिसता?"

"किडा."

"किडो नाय गो. होडी. शीड बघ तेचां."

माईंच्या वडिलांचं गलबत होतं. लहानपणी त्या धक्क्यावर बसायच्या आणि लांबून येणारं शीड बघून कुणाची होडी ते सांगायच्या, उतारू दिसायच्या आधी. हे मला अण्णांनी सांगितलेलं. माईंनी स्वतः कधीच नाही.

त्यांनी मान वर केली, नदीकडे. मीही बघितलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. पाण्यावर तशा शेकडो होड्या होत्या. बारीक राखाडी शिडं उभी करून प्रवाहाबरोबर संथ चाललेल्या. एकेक करून टप्‌ अशी नाहीशी होत होती.

चेतरामने टोपी काढली. "दोन दिवस मी यांना हेच सांगतोय, माताजी," तो म्हणाला.

माईंनी डबी माझ्या हातातून घेतली. मी बांधत होते ती मोठी काढायला लावली.

"मोठी असू द्या ना," मी म्हटलं. "मोठी दाखवली की मोठा मासा येईल."

"पानात डोंगर वाढल्यान म्हणान भूक येता काय?" माई म्हणाल्या. मग बारकी उचलून गुडघ्यावरच्या किड्याशेजारी धरली. तीच होती. तेवढीच, त्याच रंगाची, दोन पिसं उभी. "ही."

"ही बुडेल. कालच्या सगळ्या बुडाल्या."

"तेल लावलंस?"

"माशीला?"

"होडयेक तेल लावल्याशिवाय पाण्यात सोडतत काय?"

कमरेच्या पिशवीत त्यांची खोबरेलाची बाटली असायची. त्या थंडीत तेल थिजून पांढरं झालेलं. काडीने कणभर काढलं, दोन बोटांत चोळून पातळ केलं आणि त्या माशीच्या पिसांना हलकेच लावलं, बाळाच्या टाळूला लावतात तसं. चेतराम वाकून बघत होता. इंग्रजी मलमापेक्षा हे बरं, असं तो नंतर मला म्हणाला. पुढे त्याने माझ्याकडून एक बाटली मागून नेली, अजून त्या खोऱ्यात खोबरेल लावतात म्हणे.

"आता फेकू नको," माई म्हणाल्या. "सोड. होडी सोडतत तशी."

मी सोडली. ती पाण्यावर बसली. शीड उभं. बाकीच्या शिडांत मिसळून गेली, मलाच कुठली ती कळेना. खडकाला वळसा घेतला, काळ्या पाण्यावर आली. माई उठून उभ्या राहिल्या होत्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता.

टप्‌.

काठी वाकली ती माझ्या हातातून जवळजवळ गेलीच. रीळ किंचाळायला लागलं. चेतराम ओरडत होता, माई ओरडत होत्या, माई, ज्यांचा आवाज महिनाभरात व्हरांड्याबाहेर गेला नव्हता. "ढील दी गो, ढील दी. आता ओढ. ओढू नको." मासा खाली गेला, वर आला, हवेत उडाला. अंगावर लाल ठिपके, पोट लोण्यासारखं पिवळं. मागे वळून बघते तर माई पाण्यात. लुगड्यासकट, गुडघ्यापर्यंत, त्या बर्फाच्या पाण्यात. हात पुढे करून.

आणि धरला. पदरात गुंडाळला आणि घरी आणला. वरवंट्याएवढा होता. माईंनी तिरफळं घालून तिखलं, त्यांच्याकडचं झणझणीत कालवण, केलं आणि जवळजवळ वर्षाने पोटभर भात खाल्ला. शनिवारची गाडी गेली, ट्रंक दाराशीच राहिली. वैशाखात आम्ही तिघं अण्णांच्या वर्षश्राद्धाला वेंगुर्ल्याला गेलो आणि तिघंही परत आलो, येताना तिरफळांची पिशवी घेऊन. त्यानंतर माई अठरा वर्षं आमच्याकडे होत्या, आणि अठरा वर्षं हीच गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पहिल्या वर्षी मासा वीतभर होता. वरवंट्याएवढा त्यांनीच केला.

आता गणपतीच्या सोंडेवरचा हात जरा बाजूला घेते. जुना देव आहे, उगाच त्याला कशाला भार.

मासा मी धरला नव्हता.

टोपी खरी, शेळी खरी, खोबरेल खरं. माई पाण्यात उतरल्या तेही खरं. मासा काठापासून हातभर होता. माईंची बोटं त्याला लागलीसुद्धा. आणि मी आनंदाच्या भरात काठी वर उचलली, विहिरीतून कळशी काढतात तशी. दोरा तुटला. मासा गेला, माशी घेऊन.

मी काठावरच्या गोट्यांवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. माई पाण्यातून बाहेर आल्या, लुगडं पिळलं, शेजारी बसल्या.

"केवढो होतो गो?" त्यांनी विचारलं.

मी हुंदके देत हातांनी दाखवलं.

"तेवढो नाय होतो," माई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तूच म्हणी होतंस मां, केंद्रात मासे गावतत?"

"पण ते विकतचे. तुमची अट..."

"अट कोणाची? माझी. मी मोडतंय. तू ऊठ, पाय गार पडले माझे. आणि भूक लागली हा."

मी चेतरामबरोबर दोन मैल चालत गेले. हौदात मासेच मासे. कसा निवडायचा ते मला काय कळणार. सगळ्यात चकचकीत दिसला तो घेतला.

माई व्हरांड्यात वाट बघत होत्या. मी पिशवी पुढे ठेवली. त्यांनी मासा हातात घेतला, कल्ला उचलला, अंगठ्याने डोळा दाबला. मी हात चोळत समोर उभी.

"फसवल्यानी तुका," माई म्हणाल्या.

आणि तो मासा तसाच हातात धरून बसून राहिल्या. डोंगरावरचा उजेड कलेपर्यंत. मग नाक ओढलं आणि म्हणाल्या, "मिरच्यो भिजत घाल."

संध्याकाळी उमाकांत पुलावरून आला, तो वासानेच दारात थबकला. टेबलाशी बसून आईच्या पानाकडे बघत राहिला. "खरंच वेणूने धरला?"

माईंनी दोन्ही हात पसरून माप दाखवलं. मी तोंड उघडलं, तेवढा नव्हता म्हणायला. टेबलाखाली माईंनी पायाच्या अंगठ्याने माझा पाय दाबला आणि आणखी भात मागितला.